लाकूड कोरण्याचा छंद

मनुष्याला पोटापाण्याच्या उद्योगाखेरीज एखादा निरुपद्रवी छंद असावा, असे आम्ही निबंधाच्या तासाला कैक वर्षे सांगत आलो आहो. 'माझा आवडता छंद' या विषयावर विद्यार्थ्यांनी लिहिलेले शेकडो निबंध आम्ही तपासले, त्यांतील ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांखाली तांबड्या रेघा ओढल्या. परंतु एखाद्या धीट विद्यार्थ्याने उलट आम्हांलाच विचारले असते, की सर, आपला छंद कोणता, तर चाळिशी उलटेपर्यंत आम्हांस खाली मान घालावी लागली असती. आता तशी पाळी येणार नाही. गेली काही वर्षे आम्ही फावल्या वेळी लाकूड कोरतो. आमची कारागिरी वाखाणण्याजोगी आहे असे मुळीच नाही. पण नवशिक्याच्या चुका नवशिक्यालाच ताज्या आठवतात, म्हणून विद्यार्थी मित्रांसाठी व त्यांच्या पालकांसाठी हे चार शब्द लिहीत आहो. या छंदाने आमची शिक्षक म्हणून झालेली एक जुनी चूकही आम्हांस दाखवून दिली. तीही येथे सांगण्याचे योजिले आहे, पण ती समजण्यास आधी लाकूड समजले पाहिजे.

हा छंद लागला तो योगायोगाने. एका मे महिन्याच्या सुटीत आमच्या घराच्या जुन्या दाराला वाळवी लागल्याचे आढळले. चौकट शाबूत होती, पण एका झडपेवरील कोरीव पट्टी पोखरली गेली होती. ती बदलण्यासाठी एक वयोवृद्ध मिस्त्री आले. ओसरीवर बसून ते पट्टीवर वेलीची पाने उठवू लागले. मोगरीचा हलका ठोका पडे, पटाशी सरके, आणि ढलपी गुंडाळत वर येई. तासाभरात पान तयार! आम्ही चहाचा पेला हाती घेऊन पाहत होतो. पाहणाऱ्याला प्रत्येक काम सोपे वाटते, तसे आम्हांसही वाटले. "मिस्त्री, एक पान आम्ही करून पाहू का?" असे विचारताच त्यांनी हसून एक रद्दी तुकडा पुढे केला.

"मास्तर, खडूसारखी धरू नका," ते म्हणाले, "हिला दोन्ही हात लागतात."

आम्ही दोन्ही हातांनी पटाशी धरली आणि जोर केला. लाकूड कापले गेले नाही, उचकटले. हवी होती तेवढी ढलपी निघण्याऐवजी चांगला बोटभर लांब चिरा उडून गेला. मिस्त्रींनी तो तुकडा उलटा फिरवून पुन्हा आमच्या हाती दिला व म्हणाले, "तुम्ही लाकडाला विचारलंच नाहीत. आता ह्या बाजूनं लावा." त्याच हाताने, त्याच पटाशीने, तेवढ्याच जोराने आम्ही पुन्हा कापले, तो काप लोण्यासारखा गुळगुळीत पडला. त्या क्षणी आम्ही या विद्येचे विद्यार्थी झालो.

मिस्त्रींनी लाकडाला विचारावयास सांगितले ते काय, हे प्रथम पाहू. लाकूड म्हणजे मातीच्या गोळ्यासारखा सर्व बाजूंनी सारखा पदार्थ नव्हे. झाड उभे वाढते. मुळांनी शोषिलेले पाणी वर नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या आणि खोडाला बळकटी देणारे तंतू हे बहुतांशी खोडाच्या लांबीच्या दिशेने असतात. फळीवर ज्या रेषा दिसतात त्या या रचनेच्या खुणा होत. मांजराच्या पाठीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरविला तर केस मऊ बसतात, उलट फिरविला तर ताठ उभे राहतात. लाकडाचेही तसेच आहे. पाते तंतूंच्या उतारावरून गेले तर काप स्वच्छ येतो. चढावर गेले तर ते तंतूंच्या फटीत शिरते आणि लाकूड भलतीकडेच फाटत जाते. म्हणून कोरावयास बसण्यापूर्वी फळीची कड पाहावी, रेषा कोणत्या बाजूस उतरतात ते ओळखावे, आणि शंका असल्यास एका कोपऱ्यात बारीकसा काप घेऊन पाहावा. लाकूड तत्काळ उत्तर देते, आणि खोटे उत्तर कधीच देत नाही.

नवशिक्याने लाकूड कोणते घ्यावे? आमच्या मते शिवणीचे. ते फिकट पिवळसर, वजनाला हलके, बऱ्याच अंशी एकसारख्या पोताचे असून एकदा नीट वाळले म्हणजे फारसे वाकत नाही. आपल्याकडे सागाची प्रतिष्ठा मोठी, म्हणून पुष्कळ जण प्रथम सागच मागतात. पण सागात वाळूच्या जातीचे एक द्रव्य सूक्ष्म प्रमाणात असते, त्याने पटाशीची धार लवकर जाते. बाभूळ फार कठीण. पांगारा इतका मऊ, की धार किंचित बोथट असली तरी कापला जाण्याऐवजी चेपतो. सावंतवाडीची रंगीत लाकडी फळे व खेळणी प्रसिद्ध आहेत. ती करणारे कुशल कारागीर पांगारा वापरीत आले, पण तो हात आपल्याला एका दिवसात कसा येणार? प्लायवूडवर नक्षी कोरण्याच्या भानगडीत तर पडूच नये. त्याचे पातळ थर एकमेकांना आडवे चिकटविलेले असतात, त्यामुळे पात्याला कोणतीच एक दिशा मिळत नाही. लाकडाच्या वखारीत सहा इंच लांब, चार इंच रुंद व एक इंच जाड असा शिवणीचा वाळलेला, बिनगाठीचा तुकडा मागावा. ओले लाकूड कापावयास सोपे जाते खरे, पण पुढे वाळताना आक्रसते आणि तडकते. सावलीत वाऱ्यावर वाळविलेल्या फळीला दर इंच जाडीमागे सुमारे एक वर्ष द्यावे, असा सुतारांचा जुना ठोकताळा आहे.

हत्यारांची यादी लहानच ठेवावी. अर्धा इंच रुंदीची एक सपाट पटाशी, तेवढीच एक उथळ गोल पटाशी, रेघा ओढण्यासाठी चोचीसारख्या पात्याची एक कोरणी, आखूड पात्याचा एक चाकू, लाकडाची मोगरी आणि तुकडा घट्ट धरून ठेवणारा शिकंजा. एवढ्यावर एक वर्ष सुखाने जाते. दुकानात बारा हत्यारांची चकचकीत पेटी मिळते. तिच्या मोहात आम्ही सापडलो होतो. त्यांतील आठ हत्यारे आजतागायत कोरीच आहेत. त्या पैशांत धार लावण्याचा एक चांगला दगड घेतला असता तर अधिक शहाणपणाचे झाले असते.

कारण या विद्येचा अर्धा भाग धार लावण्यात आहे. पटाशीचा उतार दगडावर एकाच कोनात टेकवून फिरवावा. मऊ लाकडाच्या कोरीव कामास वीस ते पंचवीस अंशांचा कोन बरा. मग चामड्याच्या पट्ट्यावर पाते मागे ओढीत घासावे. धार आली की नाही हे अंगठ्याने पाहू नये. पात्याची कड उजेडाकडे धरावी. तिच्यावर पांढरी रेघ चमकली तर तेथे धार बोथट आहे असे समजावे, कारण खऱ्या धारेला उजेड परतविण्याइतकी रुंदीच नसते. दुसरी परीक्षा म्हणजे तंतूंना आडवा काप घेणे. काप तकतकीत आला तर पुढे जावे, पांढुरका आणि भुरभुरीत आला तर पुन्हा दगडाकडे वळावे.

पालकांच्या मनात येथे साहजिकच भीती उभी राहील. मुलाच्या हाती एवढे धारदार हत्यार द्यावे काय? आमचा अनुभव असा, की बोथट हत्यार अधिक घातक. ते जोराने रेटावे लागते आणि रेटलेले हत्यार कोठे जाऊन थांबेल याचा नेम नसतो. आमच्या डाव्या अंगठ्यावर अर्ध्या इंचाची एक खूण आहे. एका संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी काम उरकावे अशी घाई झाली. धार गेलेली जाणवत होती, तरी आम्ही उठलो नाही, आणि तुकडा शिकंज्यात न बसविता हातातच धरला. तीन टाके पडले व धनुर्वाताची सुई घ्यावी लागली. टाके घालणारे डॉक्टर आमचेच जुने विद्यार्थी निघाले. "सर, पेपर लिहिताना घाई करू नका असं आपणच सांगत होता ना?" असे ते म्हणाले, आणि ती वेदना टाक्यांहून अधिक झाली! त्या दिवसापासून आम्ही चार नियम पाळतो, ते विद्यार्थ्यांनीही पाळावेत. पहिला, लाकूड नेहमी शिकंज्यात. दुसरा, दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे, पात्याच्या वाटेत अंगाचा कोणताही भाग नाही. तिसरा, हातातून निसटलेले हत्यार झेलू नये, पाय मागे घेऊन त्यास खुशाल पडू द्यावे. चौथा, थकवा आला की काम ठेवावे. आणि शाळकरी मुलांनी जवळ मोठे माणूस असल्यावाचून पटाशी हाती धरू नये.

आता पहिला धडा. पिंपळाचे पान घ्यावे. त्याची आकृती सर्वांच्या परिचयाची आणि कडा सलग वळणाच्या असतात. खरे पान कागदावर ठेवून बाह्यरेषा काढावी व ती फळीवर उतरवावी. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पानाची लांबी तंतूंच्या दिशेने असली पाहिजे. आम्ही पहिल्या खेपेस पान सुंदर दिसावे म्हणून आडवे घातले. तीन दिवस खपून ते उठविले, आणि शेवटल्या घटकेस त्याचे निमुळते टोक पटाशीच्या एका स्पर्शाने तुटून गेले. आडव्या तंतूंचा तेवढा अरुंद भाग स्वतःला सावरू शकत नाही. हे शेपूटतुटके पान आम्ही टेबलावर ठेविले आहे, उत्तम पानांपेक्षा त्यानेच आम्हांस अधिक शिकविले.

पान उतरविल्यावर त्याच्या कडेबाहेर किंचित अंतर सोडून कोरणीने रेघ ओढावी. मग पटाशी उभी धरून कडेने काप द्यावेत. पटाशीची मूठ पानाकडे किंचित झुकलेली असावी, म्हणजे पानाची भिंत खाली रुंद राहील व तिचा पाया पोखरला जाणार नाही. नंतर बाहेरच्या बाजूने तिरपे काप घेत या उभ्या कापापर्यंत यावे. उभ्या कापाने तंतू आधीच तुटलेले असल्यामुळे ढलपी तेथे येऊन आपोआप सुटते, पानात शिरत नाही. असे थोडे थोडे करीत पानाभोवतालची जमीन दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली न्यावी. पानाच्या चार बाजूंना तंतूंचा उतार चार प्रकारे भेटतो, म्हणून प्रत्येक वळणावर हात फिरवावा लागतो. एकाच दिशेने हट्टाने जाऊ गेल्यास निदान दोन ठिकाणी पान फाटेलच. जमीन सारखी झाली म्हणजे गोल पटाशीने पानाला मधे खोलगट व कडेला उंच असा बाक द्यावा, आणि सर्वांत शेवटी शिरा ओढाव्या. काचकागद, ज्याला बाजारात पॉलिशपेपर म्हणतात, तो शक्य तो वापरू नये. धारदार पात्याने सोडलेली झळाळी त्याने मारली जाते, आणि त्याची बारीक धूळ छातीस चांगली नव्हे. शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. मात्र तेल पुसलेले फडके चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नये. हे तेल वाळताना उष्णता उत्पन्न होते व अशी फडकी आपोआप पेट घेतात. ती घराबाहेर मोकळी पसरून वाळवावी.

आता आमच्या त्या चुकीविषयी.

हा छंद लागण्याच्या बऱ्याच आधी, नववीच्या वर्गात आम्ही समास शिकवीत होतो. खिडकीजवळच्या बाकावरील एक मुलगा खाली मान घालून काही करीत असलेला दिसला. जाऊन पाहतो तो त्याने कंपासपेटीतल्या करकटकाने बाकावर तळहाताएवढा पक्षी कोरला होता. शाळेच्या मालमत्तेची नासाडी! आम्ही त्यास उभे केले, दंड सांगितला, आणि शाळा सुटल्यावर दोन दिवस थांबून ते चित्र काचकागदाने घासून काढण्याची आज्ञा केली. तो रडला नाही, कुरकुरलाही नाही. एवढेच म्हणाला, "सर, तिथं गाठ होती, म्हणून डोळा तिथं काढला." आम्हांस ते उद्धटपणाचे वाटले. आम्ही म्हणालो, "दंडाचे पैसे उद्या आणावेत."

त्याने दोन संध्याकाळ बसून बाक घासला. पक्षी गेला. पण डोळा गेला नाही, कारण गाठ फळीत खोलवर उतरलेली असते, ती घासून जात नाही. त्यापूर्वी त्याच्या वह्यांच्या समासात पाने, बैल, छपरे असे काहीबाही काढलेले असे. त्यानंतर समास कोरे येऊ लागले. तेव्हा आम्हांस समाधान वाटले, की मुलगा सुधारला. पुढे तो शालान्त परीक्षा होऊन निघून गेला.

मिस्त्रींकडे शिकलो त्या सुटीनंतर, जूनमध्ये आम्ही त्याच वर्गात गेलो. पावसाळी उजेड खिडकीतून तिरपा त्या बाकावर पडला होता. गाठ तेथेच होती. नदीचा प्रवाह खडकाला वळसा घालतो तशा लाकडाच्या रेषा तिच्याभोवती वळल्या होत्या, आणि अगदी निरखून पाहिले असता पक्ष्याच्या डोक्याची पुसट खोलगट रेघ त्या वळणाबरोबर फिरलेली दिसली. शेपूट तर सरळ तंतूंच्या दिशेनेच गेले होते. जे समजण्यास आम्हांस एक संपूर्ण सुटी, एक तुटके पान व तीन टाके लागले, ते त्या चौदा वर्षांच्या मुलाने कोणी न शिकविता जाणले होते. त्याने लाकडाला विचारले होते. आम्ही मात्र त्याला काही विचारले नाही.

बाक कोरणे योग्य होते, असे आमचे म्हणणे नाही. ती चूकच होती, व दंडही योग्यच होता. परंतु दंडाबरोबर शिवणीची एक फळी त्याच्या हाती दिली असती तर? ते आम्हांस सुचले नाही, कारण हाताच्या कामातही बुद्धी असते याची आम्हांस ओळख नव्हती.

ही ओळख जगातील शिक्षणशास्त्राला फार पूर्वीच पटलेली आहे. फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नाने 1866 च्या कायद्यान्वये लोकशाळांत हस्तकलेला स्थान मिळाले. पुढे स्वीडनमध्ये ऑटो सालोमन यांनी लाकूडकामाच्या शिक्षणाची 'स्लॉइड' नामक पद्धत नावारूपास आणिली. सुतार तयार करणे हा तिचा हेतू नव्हता. नीटनेटकेपणा, लक्ष आणि श्रमाविषयी आदर अंगी यावा, हा होता. सोप्यापासून अवघडाकडे जावे व प्रत्येक वस्तू घरात उपयोगी पडावी, असा तिचा दंडक असे. आपल्याकडे 1937 च्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षण द्यावे, असाच विचार मांडला. आणि पुण्यास गेलात तर दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा अवश्य पाहा. त्याच्या दर्शनी भागातील लाकडी खांब व कोरीव काम रस्त्यावरूनही दिसते. त्याच वाड्यात 1821 साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली. व्याकरण घोकणाऱ्या त्या विद्यार्थ्यांच्या डोक्यावर अनाम सुतारांची विद्या होती. त्यांतील किती जणांनी मान वर करून ती पाहिली असेल?

"माझ्या मुलाला डॉक्टर करायचे आहे, सुतार नव्हे," असे एका पालकांनी आम्हांस परखडपणे ऐकविले. त्यांच्या चिंतेत तथ्य नाही असे नाही, कारण परीक्षा डोक्यावर असते. पण ज्या हाताने उद्या शस्त्रक्रिया करावयाची त्या हातास आज धार, दिशा आणि धीर यांची ओळख झाली तर ती वाया जाईल काय? आणि सुतार हा शब्द कमीपणाचा म्हणून उच्चारताना निदान आमची तरी जीभ अडखळते. नासरेथच्या ज्या प्रभूचे नाव आम्ही रोज घेतो, त्यास गावचे लोक सुतार म्हणूनच ओळखीत होते.

असो. येत्या जूनपासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर, प्रयोगशाळेच्या मागील खोलीत, ज्यांची इच्छा असेल त्यांनी पालकांची संमती घेऊन यावे. पहिले दोन शनिवार केवळ धार लावण्यात जातील, हे आधीच सांगून ठेवितो, म्हणजे कोणाची निराशा होणार नाही. मिस्त्रींनीही वरचेवर येण्याचे कबूल केले आहे. खिडकीजवळचा तो बाक मुख्याध्यापकांच्या परवानगीने आम्ही त्या खोलीत आणून ठेविला आहे. त्यावर बसण्यास कोणालाही मज्जाव नाही.

हे वार्षिक माजी विद्यार्थ्यांच्या घरीही जाते. तो मुलगा आता मोठा गृहस्थ झाला असेल, व कदाचित हे वाचीलही. त्याने सवड काढून एकदा यावे. त्या दिवशी विचारावयाचे राहून गेले ते आम्हांस विचारावयाचे आहे. शिवणीची एक चांगली वाळलेली फळी त्याच्यासाठी वेगळी काढून ठेविली आहे. तीत एक गाठही आहे.